जहाजाचं खानदान

गेल्या रविवारी जळगाव जामोदला ताईच्या घरी जे झालं, ते लिहिल्याशिवाय माझं डोकं काही शांत व्हायचं नाही. हसायचं तर हसा... पण त्याआधी महिनाभर मी काय सोसलं तेही ऐका.

माझ्या भाचीला, पल्लवीला, मी एक स्थळ आणलं. मुलगा आमच्या देऊळगाव राजाचा, माझ्या दुकानामागच्या गल्लीतला. परदेशी क्रूझ कंपनीच्या जहाजावर शेफ आहे, निर्व्यसनी, आईवडील साधे. दोघं भेटले, फोनवर बोलले, आणि पल्लवीने मला हळूच सांगितलं, मामा, काहीही करून जमव.

घाई एवढ्यासाठी की मुलगा या शुक्रवारी पुन्हा जहाजावर चाललाय, तो थेट आठ महिन्यांनी परत. त्याच्या घरच्यांना तो जायच्या आधी होकार हवा होता, नाहीतर ते दुसरीकडे बघणार होते.

आणि इथे आमचे दाजी आडवे आले. दाजींचं बियाणं-खतांचं दुकान आहे. मुलाच्या घराण्याची चौकशी त्यांनी दोन दिवसांत उरकली, सगळं ठीक निघालं. मग म्हणाले, आता त्या कंपनीचं खानदान काढ. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे ना... त्यामुळे जगातली सगळी माहिती माझ्याच कॉम्प्युटरमध्ये असते असा त्यांचा समज आहे.

बरं, काढलं खानदान. मूळ पुरुष म्हणजे कुठल्याशा थंड देशातला एक माणूस, एका जुन्या बोटीतून टपाल आणि माणसं पोचवायचा. पुढे मुलांनी प्रवाशांची मोठी जहाजं घेतली. मग भावाभावांत बिनसलं, वाटणी झाली, एकाने आपला हिस्सा दुसऱ्या कंपनीला विकून टाकला.

हे फोनवर वाचून दाखवलं तर दाजी विचारतात, वाटणी कशावरून झाली? आता मला काय माहीत... मी काय तिथे पंच म्हणून बसलो होतो?

त्यानंतर रोज सकाळी सातला फोन. जहाजं किती? नऊ. सगळ्यात जुनं कोणतं, मोठं कोणतं, कोणतं कुठे बांधलं... एक म्हातारं जहाज कंपनीने भंगारात काढलं होतं, त्यावर तर तीन दिवस गेले. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि मी जहाजांची लांबी लिहून घेतोय. शेवटी म्हटलं, दाजी, पोरगी मुलाला द्यायची आहे, जहाजाला नाही. पण ऐकतील तर ते दाजी कसले.

आणि मग ते निघालं. मुलगा ज्या जहाजावर काम करतो, त्याचं नाव दोनदा बदललेलं. बांधलं तेव्हा एका ताऱ्याचं नाव होतं, मग एका राणीचं, आता एका फुलाचं. मालक बदलला की रंग देतात, आतून थोडं नवं करतात आणि नाव बदलतात. त्या धंद्यात ही रीतच आहे. मी सगळ्याची प्रिंट काढली, फाइल केली आणि बस बदलत बदलत रविवारी जळगाव जामोदला घेऊन गेलो. मूर्खपणा माझाच.

दाजींनी चष्मा लावून फाइल वाचली. नावाच्या पानावर बोट ठेवलं आणि तिथेच अडकले. "हे नाव काऊन बदललं? आमच्या धंद्यात बॅगवरचं नाव बदललं ना, तं समजून घ्यायचं, आतमंदी मागच्या साली उगवलं नाही तेच बियाणं हाये."

मी समजावून समजावून थकलो. जहाजाचा आणि बियाण्याचा काय संबंध, मुलाचा त्यात काय दोष... त्यांचं एकच, जो नाव लपवतो तो आणखी काय काय लपवत असेल, आपल्याला हे स्थळ नको. पल्लवी आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं, तिला सगळं ऐकू जात होतं. मला इतका राग आला की फाइल उचलून निघणारच होतो.

तेवढ्यात ताई भाजीची परात बाजूला ठेवून दारात येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही.

"माह्यं नाव सुमन होतं. लग्नात तुमी ताटातल्या तांदळावर अंगठीनं वैशाली लिवलं. मले कोनं इचारलंबी नाही. इतके वर्सं झाले... मी काय लपवून राह्यली होती?"

दाजींनी चष्मा काढला. मग फाइल मिटली, माझ्याकडून नंबर घेतला आणि मुलाच्या वडिलांना स्वतः फोन लावला. आमचा होकार आहे म्हणाले. आणि एकच अट घातली, आमची पोरगी पल्लवी आहे, ती पल्लवीच राहील. पलीकडचे बिचारे लगेच हो म्हणाले. आत पल्लवी रडत होती.

मी सुटलो म्हणून खूश व्हायला हवं होतं. पण परतीच्या बसमध्ये भलतंच आठवत राहिलं. आई होती तोवर माहेरी सुमन अशी हाक यायची. आई जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर ताईला त्या नावाने कोणी हाक मारली असेल? मी नुसतं ताई म्हणतो... माझ्या मोबाइलमध्येसुद्धा ती वैशालीताई आहे. दाजींवर महिनाभर चिडलो, तसं मला तरी कुठे कधी सुचलं होतं!

घरी आल्यावर तिला व्हॉइस मेसेज टाकला, पोचलो गं सुमनताई.

लगेच तिचा फोन आला. कधी पोचलास, जेवलास का, काही नाही. नुसतं म्हणाली, "अजून एक डाव म्हन."