उकंडरावाचं ‘कशावरून’

उंद्रीच्या उकंडरावाआधी दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरं टिकावं म्हणून आई सोजराबाईनं त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं अन् नावही तसंच दिलं. मोठा झाल्यावर त्यानं आईलाच विचारलं, “उकिरड्यानं जगलो, हे कशावरून?” तिथून निघालेलं त्याचं ‘कशावरून’ थेट देवापाशी गेलं. देव नाही, असं तो शांतपणे सांगे. गाव हसे. बायको रुखमाबाई दोघांच्या वाटचे उपास एकटीच धरी.

एका हंगामात कापसाची गाडी घेऊन तो घाट उतरून नांदुऱ्याला गेला. तिथला अडत्या इंद्रभान देव मानत नाही, असं त्याच्या कानावर होतं. ते खरं निघालं. ओसरीवर दोघं दुपारभर बोलत बसले. आपल्या मताचा माणूस भेटला, या आनंदात उकंडराव सोबतची भाकर सोडायचं विसरला.

तेवढ्यात अंगणात सांडलेला कापूस वेचणारी महारवाड्यातली म्हातारी रांजणाकडे वळली. इंद्रभान ओरडला, “दूर हो! गडी वरून ओतंल.”

“काऊन?” उकंडरावानं विचारलं. “देव तं तुमी मानत नाही.”

“देवाचा काय संबंध? माणसं सारखी नसतात.”

“कशावरून?”

“त्यात विचारायचं काय? दिसतंच की!”

उकंडरावानं उठायला हात टेकला अन् तसाच राहिला. त्याच्या मळ्यात राबणारी तानुबाईही विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कोणी ओतलं तर पाणी. इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तो रुखमाबाईला म्हणाला, “देव नाही, एवढंच त्या अडत्याचं अन् माझं जुळलं. बाकी काहीच नाही. ‘नाही’ म्हटलं की जुनी वाट सुटते, पण पुढं कुठं जायचं ते ‘नाही’ सांगत नाही. तो देवापाशी विचारून थांबला. मीबी थांबलो होतो.”

सकाळी त्यानं तानुबाईच्या हाती दोर दिला. “तुयाच हातानं शेंद.”

“गाव काय म्हणंल, मालक?”

“म्हणू दे.”

तिनं दोर विहिरीत सोडला. रुखमाबाई मात्र घागर उचलून ओढ्यावर गेली. हिवाळाभर तिथूनच पाणी आणत राहिली. उकंडरावानं तिला अडवलं नाही. भाऊबंद रामरावानं लेकीच्या लग्नाचं बोलावणं दिलं नाही, तेही त्यानं मुकाट सोसलं.

चैत्रात ओढा आटला. एका सकाळी रुखमाबाई मळ्यातल्या विहिरीवर आली. तानुबाई झटकन बाजूला झाली.

“सरकू नको बाई,” रुखमाबाई म्हणाली. “दोर धर. मले एकटीले ओढवत नाही.”

रात्री उकंडरावानं हळूच विचारलं, “देवाले चाललं?”

“विचारलं मी त्याले,” ती भाकर वाढत म्हणाली. “तो नाही म्हणाला नाही.”

उकंडराव त्यावर वाद घालायला बसला नाही. गरम भाकर मोडून तो जेवू लागला.