आत्या पुन्हा परीक्षेला बसते

कंपनीत तिला सगळे आत्या म्हणत. तिची भाची पूर्वी तिथे नोकरीला होती, तिचं ऐकून शेजारच्या टेबलावरचे म्हणू लागले. पुढे भाची दुसरीकडे निघून गेली आणि आत्या मात्र सगळ्यांची होऊन बसली. साहेब वयाने भाचीएवढाच. तोही आत्याच म्हणे, आणि चिडला की जरा जास्तच लाडाने म्हणे.

तिचं मूळ काम टेलिफोनच्या बोर्डावरचं. आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग बोर्ड गेला. कंपनीच्या मेल, फायली, हिशेब सगळं क्लाउडवर हलवायचं ठरलं, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरांवर. साहेबाने विचारलं, "आत्या, घरी बसताय की हे शिकताय?" घरी तिचा थोरला भाऊ होता. दादा गणिताचा निवृत्त मास्तर, दिवसभर घरातच. त्याच्यासमोर दिवसभर बसायचं या कल्पनेनेच आत्या म्हणाली, "शिकते."

पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी तिने पुस्तक अक्षरशः घोकलं. दोनदा आपटली. तिसऱ्यांदा पास झाली तीही अगदी काठावर. लोक अभिनंदन करायला आले तर ही आपली म्हणे, "लॉटरी लागली, झालं!" सगळ्यांना तो विनय वाटला. विनय कसला, बाईला खरंच तसं वाटत होतं.

या सर्टिफिकेटला वर्षाची मुदत असते. मुदत संपायच्या आत घरबसल्या, पुस्तक उघडं ठेवून थोडे प्रश्न सोडवले की ते पुढे चालू राहतं. निव्वळ पोरखेळ. त्याची आठवण करून देणाऱ्या मेल आधीपासून येतात. आत्या निवांत त्या मेलची वाट बघत होती. "अजून आली नाही, म्हणजे वेळ आहे," असा तिचा साधा हिशोब.

मेल येत होत्या, पण येत होत्या टेलिफोन बोर्डाच्या जुन्या पत्त्यावर, कारण नाव नोंदवताना तिने तोच दिला होता. आणि वापरात नसलेले मेलबॉक्स बंद करायचं काम त्या वर्षी कोणाकडे होतं? आत्याकडेच. फडताळ आवरायला काढावं तशा उत्साहाने तिने ते केलं आणि पहिला बळी दिला तो बोर्डाच्या मेलबॉक्सचा. बोर्डच राहिला नाही तर त्याला पत्र लिहिणार कोण! बंद केलेला मेलबॉक्स महिनाभरात परत आणता येतो, पण त्याला आता कितीतरी महिने उलटले होते.

हे उघड झालं एका नव्या गिऱ्हाइकामुळे. आमच्या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं सर्टिफिकेट चालू पाहिजे, अशी त्यांची अट. आत्या ऐटीत आपलं पान उघडायला गेली आणि समोर आलं, मुदत संपली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुदत संपल्यावर पोरखेळ बंद. पुन्हा अख्खी परीक्षा, पुस्तक मिटून, आणि तीही काम सुरू व्हायच्या आत.

तिने काही लपवलं नाही. तडक साहेबाकडे गेली. "साहेब, मी माझाच मेलबॉक्स पुसून टाकला." साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "द्या परीक्षा. नाहीच जमलं तर पुढचं काउंटर आहेच, आत्या."

तो चांगल्या मनानेच बोलला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. काउंटर म्हणजे येणाऱ्याला "बसा हं, साहेब येतीलच" म्हणत उरलेली नोकरी काढायची. वर्षभर तिने या कामात जीव ओतला होता. ते हातचं जाणार होतं, आणि लॉटरी काही माणसाला दोनदा लागत नाही.

दादाने लगेच अभ्यासाचं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. परीक्षेच्या दिवशी तेही काढावं लागलं. परीक्षा घरीच, पण कॅमेऱ्यासमोर. टेबल मोकळं, भिंती उघड्या, खोलीत दुसरं कोणी नको. दादाची रवानगी बाहेर जिन्यावर झाली. देखरेख करणारा माणूस कुठल्या कुठे बसलेला, नुसता आवाज. त्याला सर्दी झाली आहे हे आत्याने पहिल्या वाक्यातच ओळखलं, पण काढा सुचवायची सोय नव्हती.

पहिला प्रश्न वाचला. पाठ केलेलं काही म्हणजे काही आठवेना. तिने प्रश्न पुन्हा वाचला. कर्मचाऱ्याला कामापुरतेच अधिकार का द्यावेत? अगं बाई, का म्हणजे? हिशेबनीसाला तिने नको तेवढे अधिकार दिले होते आणि त्या भल्या माणसाने सगळ्या विभागाच्या फायली उडवल्या होत्या! ते निस्तरताना दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढच्या प्रश्नातही असंच कोणीतरी भेटलं. त्याच्या पुढच्यातही. पुसलेलं परत कसं आणायचं, या प्रश्नाला तर तिला हसूच फुटलं. आवाजाने सर्दटलेल्या सुरात ताकीद दिली. आत्या उत्तरं आठवत नव्हती, तिला ती येत होती. हे ध्यानात आलं तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला.

ती दार उघडून बाहेर आली. दादा पायरीवरून धडपडत उठला. सांत्वनाची त्याची तयारी केव्हाच झाली होती.

"हे बघ बेबी, परीक्षा काय, परत देता येते..."

"दादा, आधी विचार तरी."

"म्हणजे? पास?"

"पास. चांगली घसघशीत." आणि ती पायरीवर बसून रडायलाच लागली.

दादा गोंधळला. तोही शेजारी टेकला. "अगं, मग रडतेस कशाला?"

"लहानपणापासून वाटत होतं, मला डोकंच नाही."

"कोणी सांगितलं तुला असलं काही?" दादा खवळून म्हणाला. "नाव सांग त्याचं!"

आत्याने पदराने डोळे पुसले आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं.

दादाचा आवाज एकदम खाली आला. "बेबी," तो म्हणाला, "मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो गं."