अम्मीच्या गाण्यांची एकच प्रत

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या अफसानाने "दोन ठिकाणी सेव्ह करा" हे सांगून सांगून सगळ्या स्टाफचं डोकं खाल्लं होतं. माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो तिनेच तीन ठिकाणी ठेवून दिले. स्वतःच्या घरी मात्र एकच प्रत, हे कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलेच.

तिची अम्मी बाळापूरची. लग्नघरी ढोलकीवर हळदीची गाणी म्हणायची, पण फक्त बायकांत. वारण्याच्या आदल्या वर्षी तिने बावीस गाणी रेकॉर्ड करू दिली, तीही एका अटीवर: परक्या पुरुषाच्या कानावर माझा आवाज पडता कामा नये. म्हणून अफसानाने ती ना इंटरनेटवर चढवली, ना पेन ड्राइव्हवर घेतली. पेन ड्राइव्ह काय, आज या हातात, उद्या त्या. गाणी जठारपेठेतल्या घरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिली. आणि एप्रिलच्या उकाड्यात एक दिवस त्याची डिस्क कटकट वाजून बंद पडली.

दुरुस्तीवाला ओमप्रकाश म्हणाला, "ठिवून जा, मॅडम. परवा या."

ती कसली ठेवते? रजा टाकून दोन दिवस त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी पडद्यावर बावीस नावं आली. मी हुश्श केलं.

"नावं आली, पण आत आवाज हाये का नाही, ते ऐकल्याशिवाय कसं समजन?" ओमप्रकाश म्हणाला.

तिने हेडफोन ओढून घेतला. "भाऊ, तुमी बाहेर थांबा."

तो बिचारा रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

एक, दोन, पाच, अकरा. प्रत्येक गाण्याला ती नुसती नकारार्थी मान हलवत होती. शेवटच्या गाण्याला थबकली. हेडफोन माझ्या कानांना लावला. "ललिता, अम्मीच हाये ना?"

मला कुणाचाच आवाज ऐकू आला नाही, पण तसं सांगायची हिंमत होईना. "नीट समजत नाही," म्हटलं.

ती दारापर्यंत गेली, ओमप्रकाशला आत बोलावलं आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. "तुमाले सवय हाये, भाऊ. आवाज हाये का, सांगा." माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. त्याने मान खाली घालून पूर्ण पाच मिनिटं ऐकलं.

"नाही, मॅडम. नुसती खरखर हाये."

तिने हेडफोन परत घेतला, कानांवर चढवला आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं.