कोयते थांबले कशाने?

इनासकाका गेल्याची बातमी घेऊन वालीवच्या आमच्या कारखान्याच्या फाटकाशी जो माणूस सायकलवरून आला, त्यानेच माझ्या वडिलांना मारलं होतं. दुमिंग त्याचं नाव. घामाने निथळत होता. "जोसू, घरी ये. काका गेलं," एवढंच म्हणाला, आणि मला कॅरियरवर बसवून आमच्या गावाकडे, वटारला निघाला. सगळा रस्ता मी त्याच्या पाठीला धरून बसलो होतो आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. असं होऊ शकलं ते काकांमुळे. दीड महिना झाला, पण अजून दुपारी डोळा लागला की मी त्याच सायकलवर असतो आणि घर काही येत नाही...

वटारला आमची आणि दुमिंगची केळीची वाडी शेजारीशेजारी. मध्ये एक बांध, आणि विहीर दोघांत मिळून एक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर रहाट होता. बैल फिरायचा, पाणी पाटाने आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे जायचं. पाळी चुकली की कोयते निघायचे. त्या काळी आसपासच्या गावांतही अशी डोकी फुटत, अधूनमधून एखादा जीवही जाई. एका पहाटे पाळीवरूनच वडील आणि दुमिंग भिडले. वडील काही संत नव्हते, कोयता दोघांच्याही हातात होता. वडील गेले, दुमिंग जन्मठेपेवर गेला. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. इनासकाका वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. आईला आणि मला सांभाळलं.

मी मिसरूड फुटून कामाला लागलो तेव्हा काकांना एक नाद लागला. भेटेल त्याला विचारायचे, "आता कोन कोयता काडीत नाय. का बरं? मना हांग." मला सांग, म्हणजे सांगितल्याशिवाय सुटका नाही! फादर म्हणाले, प्रार्थना वाढली आणि दारू कमी झाली. चौकीवरचा हवालदार म्हणाला, आमची चौकी आली ना. मास्तरांचं म्हणणं, पोरं दहावीपर्यंत बाकावर बसायला लागली, एकदा बसायची सवय झाली की माणूस उठून मारायला जात नाही. पंप दुरुस्त करणारा म्हणाला, वीज आली, भांडायचं कारणच गेलं. आई म्हणाली, "घरात सात भाव होते तवा एक तुरुंगात गेला तरी चालायचा. आता एकुलता एक असतो." डॉक्टर तर हसलेच. "मारामाऱ्या आहेत तेवढ्याच, इनास. पूर्वी वाटेत मरायचे, आता मी टाके घालतो." आणखी कोणी म्हणे, भांडणं गेली नाहीत, जमिनीच्या दलालांबरोबर विरारकडे गेली, तिथे बघ.

काका प्रत्येकाला मान डोलवायचे. संध्याकाळी ओट्यावर पडून आढ्याकडे बघत ती सगळी उत्तरं पुटपुटायचे. मला अर्धवट झोपेत ते ऐकू यायचं, कोणीतरी लांबून माळ जपल्यासारखं. म्हाताऱ्याला रिकामपण भोवतंय, असं मी मित्रांत थट्टेने म्हणायचो. आईने मग एकदा मला झापलं. दुमिंग सुटून येणार होता, आणि अख्ख्या गावात एकच माणूस त्याच्यावर कोयता उचलेल अशी काकांना धास्ती होती. तो माणूस मी होतो. "ही सगली कारनं गावासाटी झाली," ते आईला म्हणाले होते, "आपल्या एका पोराचं कोन हांगेल?"

दुमिंग आला त्या दिवशी शेजाऱ्यांनी काकांना बजावलं, घरातला कोयता लपव. काकांनी उलट तो धार लावून माझ्या हातात दिला. "बांधावरचा केळींचा लोंगर तयार झालाय. काडून आन." मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे चुरचुरत होते. दुपारची वेळ, केळीच्या पानांतून हिरवं ऊन सांडलेलं, पंपाची घरघर... आणि पलीकडे, पाटाच्या कडेला, एक पांढऱ्या केसांचा माणूस उकिडवा बसून पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत होता. त्याने पंप पाहिलाच नव्हता. तो गेला तेव्हा बैल फिरत होता. चाहूल लागली तशी त्याने वर पाहिलं. त्याने मला ओळखलं. माझ्या तोंडावर वडिलांचीच छाप आहे. हातातला कोयताही त्याने पाहिला, पण उठला नाही.

"आज पाळी कोनाची?" त्याने हळूच विचारलं.

मला ब्रह्मांड आठवलं. ज्या पाळीपायी माझा बाप गेला ती आता नव्हतीच. बटण दाबलं की ज्याला हवं त्याला पाणी. आणखी चार-पाच वर्षं बाबांनी कळ काढली असती तर... मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात वर गेलाही. मग मी कोयता लोंगरावर घातला. "कोनाची नाय," मी म्हणालो, "पंप हाय." आणि लोंगर खांद्यावर घेऊन घराकडे वळलो.

संध्याकाळी काकांनी विचारलंच. "काय झालं तवा? मना हांग." मी म्हटलं, "झोप आली होती." ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे रविवारची मिस्सा सुटली की देवळाबाहेर लोकांना सांगायचे, "पोरांना कारखान्यात लावा रे, झोपेपुढं कोयता काय करील!" दुमिंगलाही त्यांनी हळूहळू ओट्यावर बसतं केलं.

पण झोप हे कारण नव्हतं. हात वर गेला तेव्हा केळीच्या लोंबत्या पानांखाली, माझ्यापासून दोन हातांवर, मला काकांचे पाय दिसले होते. अनवाणी, आणि लटलट कापत होते. इतकी उत्तरं गोळा केली, पण त्यांतल्या एकावरही त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून आपणच मध्ये पडायला येऊन उभे राहिले होते. त्यांना लाज वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही. खरं उत्तर न मिळताच काका गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा त्याच केळींत उभं राहून मी मोठ्याने सांगून टाकलं, "काका, तुमचे पाय दिसले मला." पलीकडे दुमिंग पाणी लावत होता. त्याने वाकल्या वाकल्याच म्हटलं, "मनापन दिसले होते."