आरोपीस काही सांगायचे नाही

धम्मपाल कासारे आठवड्याचे सहा दिवस माझगावात एका गोदीच्या फाटकावर माणसांच्या पिशव्या उघडतो. सातव्या दिवशी परळच्या घरात, लॅपटॉपवर, अंतराळ स्थानकाच्या फाटकावर उभा राहून तेच करतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या! बायको संघमित्रा म्हणते, "अहो, निदान तिथे तरी कॅप्टन व्हा." त्याला नको. गोदीत तो फक्त साहेबाला हाक मारू शकतो; स्थानकावरचा गार्ड माणसाला थेट कोठडीत टाकतो.

खेळ कळायला अवघड नाही. रविवारी दुपारी तीसेक मराठी माणसं हेडफोन लावून जमतात. कोणी डॉक्टर, कोणी स्वयंपाकी, आणि तीन तास कोणी आपलं सोंग सोडायचं नाही. गार्डने पकडलं तर भांडणही सोंगातच. गार्डला बंधन एकच: कोठडीचं दार लावण्याआधी आरोपीचं म्हणणं विचारायचं आणि वहीत लिहायचं.

त्या रविवारी स्वयंपाकी सापडला. म्हणजे वडाळ्याचा उन्मेष, तोंडाचा भलता फटकळ. पिशवीत ऑक्सिजनचा सिलिंडर.

"साहेब, शीतघरात मनवा अडकलीय! हवा संपत आलीय तिची."

"चोर असंच बोलतात."

"अहो, दहा पावलं चालून बघा ना!"

"मला शिकवतोस?"

"मी कोण शिकवणार? पण विचारायचा नियम तुमचाच ना, साहेब? की फाटकावर उभं राहून कान गेले?"

ते लागलं. फाटकावरून हिणवलेलं त्याला गोदीतही सोसत नाही. त्याने दार लावलं आणि वहीत टाइप केलं: 'आरोपीस काही सांगायचे नाही.' दहा मिनिटांनी मनवा गुदमरून मेली. खेळात हो, खरी मनवा उठून चहा टाकायला गेली असेल. पण आठवडाभर वाट पाहिलेला तिचा रविवार गेला, तो गेलाच.

उन्मेषने खेळाच्या पंचांकडे तक्रार केली. खेळातलं बोलणं साठवलं जात नाही, राहते ती फक्त गार्डची वही. पंचांनी कळवलं, गार्डने शनिवारपर्यंत नोंद खरी असल्याचं सांगावं, म्हणजे खोट्या तक्रारीबद्दल उन्मेषला वर्षभर बंदी घालता येईल. धम्मपालने एक 'हो' लिहिलं की काम झालं.

तो 'हो' त्याच्याने लिहवेना. कारण वहीतलं वाक्य त्याचं नव्हतंच. त्याची आई बकुळा गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तो चार वर्षांचा असताना फाटकावरच्या झडतीत तिच्या पिशवीत सूत गुंडाळायची लाकडी बॉबीन सापडली. तीन आठवडे घरी बसवलं. तो कागद अजून ट्रंकेत आहे: 'कामगारास काही सांगायचे नाही', आणि खाली तिची वाकडीतिकडी सही. हा किस्सा धम्मपालने कुठे नाही सांगितला? आणि त्याच्याच बोटांनी तेच वाक्य, न अडखळता! सोमवारी गोदीत एका फिटरने झडतीसाठी डबा पुढे केला. याने न उघडताच जाऊ दिला आणि मान खाली घातली.

गुरुवारी संध्याकाळी बकुळा मेथी निवडत बसली होती.

"आये, बॉबीन सापडली त्या दिवशी तुला विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?"

तिचा हात थांबला. "आता विचारतोस? चाळीस वर्षं उलटून गेल्यावर?"

"सांग ना."

"घेतली होती मी."

"म्हणजे... चोरली?"

"मग काय, चालत आली पिशवीत? तुला गाडीला चाक पाहिजे होतं, रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. सांगितलं असतं, बाबा, रिकामी आहे, तडकलेली आहे, पोराला खेळायला नेते. सोडलं असतं, नसतं सोडलं. पण विचारायला काय झालं होतं मेल्याला?"

धम्मपाल मेथीची एक काडी उचलून उगाच मोडत बसला. तिच्यासाठी तो 'मेला' म्हणजे कागद लिहिणारा कुठला तरी जुना कारकून होता.

रात्रीपर्यंतही थांबला नाही. तिथेच बसून पंचांना लिहिलं: नोंद खोटी आहे, तो सांगत होता, मी ऐकलं नाही. लगेच उत्तर आलं: गार्डचं पद काढण्याआधी तुमचं काही म्हणणं? त्याने आधी गोदीतल्या डबल ड्यूटीचं लिहिलं, मग उन्मेषच्या तोंडाळपणाचं. दोन्ही पुसलं. 'काही नाही' लिहिलं आणि खाली नाव घातलं, गार्ड नंबर चार नव्हे, धम्मपाल भिवा कासारे.

उन्मेषचा निरोप तासाभरात आला. "रविवारी स्वयंपाकघरात हात कमी पडतोय. कांदा चिरता येतो का, साहेब?"

मनवालाही त्याने माफीचं लिहिलं होतं. तिने वाचलं. उत्तर दिलं नाही.