काळं शेण

मालक जाईपर्यंत त्यांना सांगितलं नाही, लेकींना तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. ऐका, पण मधेच "असू दे, असू दे" म्हणू नका.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर उत्रोलीत. धाकटी जाऊ विंझरची. तिच्या बापानं लग्नात तिला गाय दिली, चंद्री. झालं! सासूच्या तोंडी उठता-बसता चंद्री — चंद्रीचं दूध, चंद्रीचं तूप. मी आठ वर्षं राबले त्याचं काय? मी काय रिकाम्या हातानं आले होते? हो, आले होते. तेच तर झोंबायचं.

जाऊ बाळंत झाली आणि गोठा माझ्याकडे आला. एका सकाळी चंद्रीचं शेण काळं दिसलं — गाडीच्या वंगणासारखं, चिकट. पाठीला पोक काढून उभी, दात खात होती. मला कळलं नाही म्हणू? कसं म्हणू? भोंगवलीला माझ्या बापाचा बैल असाच झाला होता. पोटात जखमा होतात, आतलं रक्त काळं होऊन शेणातून पडतं. बापानं पेंड बंद केली, भाताची पेज पाजली, बैल जगला. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

ते शेण मी उकिरड्यात राखेखाली दाबलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

जाऊ खोलीतून विचारायची, "आक्का, चंद्री बरी हाय न्हवं? दूध कमी आलंय."

"बरी हाय की. पेंड वाढवू का?"

"वाढवा. तुमी हाय म्हून मला घोर न्हाई."

वाढवली. गाय तोंड फिरवायची, तर गुळाचा खडा घालून पुढं सारली.

चंद्री मेली. कातडं काढणाऱ्या म्हाताऱ्यानं पोट फाडून दाखवलं — आत जखमाच जखमा. "शेन काळं पडलं आसंल की! कुनी बघितलं न्हाई?" सासू जावेवर तुटून पडली — दुधाच्या हावेनं पेंड चारून गाय मारलीस! जाऊ रडत म्हणाली, "आक्का रोज बघत व्हत्या. काळं आसतं तर त्येंनी सांगितलं आसतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"शेन चांगलं हुतं," मी म्हणाले.

तो डाग जावेवर राहिला, मरेपर्यंत. चंद्रीचं मला अजून वाईट वाटतं — मुकं जनावर, माझ्या हातून खात होतं. आणि जावेचं? खरं सांगू? नाही वाटत.