शेगडीचं दार

ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला की पाचगणीचं भाड्याचं घर आठवतं. मालकानं भिंतीतल्या फायरप्लेसमध्ये काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवली होती. कडाक्याची थंडी, पाळण्यात महिन्याचं बाळ, आणि मी माहेरच्या चुलीच्या सवयीनं दार उघडं ठेवून फुंकत होते. घरभर धूर झाला. फौजेतून परतलेले, माझ्याशी मोजकंच बोलणारे सासरे उठले. सुकी लाकडं रचून त्यांनी शेगडी पेटवली आणि दार लावून टाकलं. मी म्हटलं, "आवं मामा, विझंल की." "न्हाई विझत. काश्मिरात आमची बुखारी, तिथली लोखंडी शेगडी, अशीच जळायची. एकदा पेटलं की सारखं उघडून बघायचं न्हाई." हळूहळू बाळाच्या मिटलेल्या मुठी सैल झाल्या. ते बाळ आता पुण्यात हॉस्टेलवर आहे. आज त्याला तिसऱ्यांदा फोन लावायला घेतला, मग मामांचं ऐकलं आणि खाली ठेवला.